ग्रुप डिलीट करू की पोलिसांत जाऊ?

पत्राचा गोषवारा: निफाड तालुक्यातल्या एका वाचकाचं हे पत्र आहे. वय 44, कृषी सेवा केंद्र चालवतात. द्राक्ष बागायतदारांचा सहाशेच्या वर सदस्य असलेला व्हॉट्सॲप ग्रुप त्यांनी सुरू केला. फवारणी, हवामान, बाजारभाव असं सगळं त्यावर चालतं. हंगामाचे पैसे हातात येऊ लागले त्याच सुमारास, एका जुन्या सदस्याने जोडलेल्या नव्या माणसाने 'आयपीओचा खास कोटा' अशी लिंक टाकली. लिंकवरून टेलिग्रामचं चॅनेल, चॅनेलवरून एक ॲप. पाच जणांनी पैसे भरले. सर्वांत मोठी रक्कम 11 लाख 40 हजार, शेवटचा भरणा चार दिवसांपूर्वीचा. एकाने सोसायटीचं पीककर्ज उचलून त्यात घातलं आणि घरी सांगितलेलं नाही. ते लिहितात, "लिंक आली तेव्हा मीही अंगठा दिला होता आणि 'ज्यांना जमेल त्यांनी बघा' असं लिहिलं होतं. चुलतभाऊ म्हणतो, पोलीस यायच्या आत ग्रुप उडव." त्यातच त्यांना कळलं की नाशिकला शिकणाऱ्या भाच्याने आपलं बँक खातं कमिशनवर कुणाला तरी वापरायला दिलं होतं आणि परराज्यातल्या पोलिसांच्या सांगण्यावरून ते आता गोठलं आहे. बहीण म्हणते, "दादा, तू तक्रार केलीस तर पोराचं नाव निघेल." त्यांचे प्रश्न तीन: गुन्हा माझ्यावर येईल का, ग्रुप डिलीट करू का, आणि सरकार हे टेलिग्राम एकदाचं बंद का करत नाही?

उत्तर:

तुमच्या प्रश्नांआधी एक काम आहे आणि ते पुढचं वाचायच्या आधी करा. चार दिवसांपूर्वी ज्यांनी पैसे भरले त्यांना गाठा आणि त्यांच्या स्वतःच्या फोनवरून 1930 ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन लावायला सांगा. तो लागला नाही तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. फोन करताना हाताशी हवं ते असं: ज्या खात्यातून पैसे गेले त्या बँकेचं नाव आणि खाते क्रमांक, प्रत्येक भरण्याची तारीख, वेळ, रक्कम आणि बँकेचा व्यवहार क्रमांक. यूपीआय आणि आयएमपीएसचा हा क्रमांक 12 अंकी असतो, एनईएफटीचा 16 आणि आरटीजीएसचा 22 अक्षर-अंकांचा. इथेच बहुतेकांचं चुकतं. फसव्या ॲपमध्ये दिसणारा 'ऑर्डर नंबर' सांगितला जातो किंवा यूपीआय ॲपचा स्वतःचा वेगळा क्रमांक वाचून दाखवला जातो. बँकेला त्यातून काही सापडत नाही आणि वेळ जातो. पासबुकात किंवा स्टेटमेंटमध्ये जो क्रमांक छापलेला असतो तोच सांगायचा. आरटीजीएस बँकेत जाऊन केला असेल तर भरलेल्या स्लिपची प्रत शाखेतून घ्या.

ही तक्रार नोंदली की ती पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेकडे जाते. तिथे रक्कम शिल्लक असेल तर ती अडवली जाते. पुढे सरकली असेल तर पुढच्या बँकेला कळवलं जातं. पैसे काही तासांत दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खात्यात फोडले जातात आणि शेवटी एटीएम, चेक किंवा आभासी चलनातून बाहेर निघतात. म्हणून चार दिवस हा उशीरच आहे. तरीही फोन करायचा, कारण काही खाती मध्येच दुसऱ्या कुणाच्या तक्रारीमुळे गोठलेली असतात आणि तुमच्या माणसाची रक्कम तिथे अडकून पडलेली असू शकते. नाव नोंदवलेलंच नसेल तर त्या रकमेवर त्याचा दावा सांगणार कोण? बाकीच्या चौघांनीही आपापली तक्रार वेगळी करायची. पाच जणांचा मिळून एक अर्ज चालत नाही, कारण व्यवहार ज्याच्या खात्यातून झाला त्याच्याच नावाने तो शोधला जातो.

ॲपमध्ये अजून मोठी शिल्लक दिसत असेल आणि ती काढण्यासाठी 'टॅक्स' किंवा 'सर्व्हिस फी' मागत असतील, तर आणखी एक रुपयाही भरू नका. त्या आकड्यामागे पैसा नसतो. कुणीतरी पडद्यावर टाईप केलेला आकडा असतो. सुरुवातीला हजार-दोन हजार काढू देतात ते विश्वास बसावा म्हणूनच. आणि यानंतरचा टप्पाही सांगून ठेवते, कारण तो हमखास येतो: "तुमचे बुडालेले पैसे काढून देतो" म्हणणारा फोन. कधी तो हॅकर असतो, कधी वकील, कधी सायबर पोलिसांचं नाव सांगतो. एकदा फसलेल्यांची यादी अशा टोळ्यांसाठी पुन्हा कामाची असते. पैसे परत मिळवून देण्यासाठी पोलीस फी घेत नाहीत.

आता तुमची भीती. ग्रुपचा ॲडमिन म्हणजे ग्रुपवर आलेल्या प्रत्येक ओळीला जबाबदार, हे तुम्ही गृहीत धरलं आहे. पोलीस ठाण्यांतून येणाऱ्या ताकिदी आणि व्हॉट्सॲपवरच फिरणारे 'ॲडमिनला अटक'चे संदेश वाचून तसं वाटणं साहजिक आहे. कायद्याची स्थिती तशी नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च 2021 मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की ॲडमिनचे अधिकार सदस्य जोडणं आणि काढणं एवढ्यापुरते असतात. सदस्य काय लिहिणार हे त्याला आधी कळत नाही. ॲडमिन आणि तो सदस्य यांचा संगनमताचा इरादा दाखवल्याशिवाय दुसऱ्याच्या मजकुरासाठी ॲडमिनला गुन्हेगार ठरवता येत नाही. केरळ उच्च न्यायालयानेही फेब्रुवारी 2022 मध्ये असाच निकाल दिला.

तुमच्या अंगठ्याचं आणि त्या एका ओळीचं काय? फसवणुकीच्या गुन्ह्यात फसवण्याचा हेतू लागतो. खोटं आहे हे माहीत नसताना केलेली शिफारस हा निष्काळजीपणा असेल, गुन्हा नाही. पण एक प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारा: लोक जोडल्याबद्दल तुम्हाला त्या ॲपमधून 'रेफरल'चे पैसे, अगदी पाचशे रुपये का होईना, मिळाले का? नसतील तर जबाबात ती ओळ स्वतःहून सांगा. मिळाले असतील तर आधी वकिलाशी बोला, मग पोलिसांकडे जा, आणि ते पैसे खर्च करू नका.

डिलीट करण्याचा सल्ला मात्र तुम्हाला खरोखर अडचणीत आणणारा आहे. चुलतभावाने काळजीपोटी सांगितलं असेल, पण पुरावा म्हणून हजर करावा लागेल अशी इलेक्ट्रॉनिक नोंद ती हजर होऊ नये म्हणून नष्ट करणं, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 241 खाली स्वतंत्र गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. आज तुम्ही साक्षीदार आहात. ग्रुप उडवलात तर 'यांनी का उडवला' या प्रश्नापासून तपास सुरू होईल. शिवाय त्याने काही लपणारही नाही. तुम्ही बाहेर पडलात तरी सहाशे जणांच्या फोनमध्ये तो मजकूर राहतो.

तेव्हा पुसण्याऐवजी जपा, आणि लिंक टाकणाऱ्या माणसाला सावध करण्याआधी जपा. त्याला जाब विचारायचा मोह आवरा. टेलिग्रामवर दोघांमधल्या खाजगी संभाषणातला कुणीही एक जण ते अख्खं संभाषण दोन्ही बाजूंनी पुसू शकतो. तुमच्या सदस्याच्या फोनमधूनही ते जातं. चॅनेलवाल्याने सदस्याला काढलं की चॅनेलही दिसेनासं होऊ शकतं. पुरावा जातो तो बहुतेक वेळा असा, रागाच्या भरात पाठवलेल्या एका मेसेजनंतर.

व्हॉट्सॲपवर आधी ग्रुपच्या माहितीत जाऊन 'गायब होणारे मेसेज' सुरू आहेत का बघा. सुरू असतील तर बंद करा, पण त्याने फक्त पुढचे मेसेज टिकतील. टायमर लागलेले जुने त्यांच्या वेळी जाणारच, म्हणून त्यांचे स्क्रीनशॉट आत्ताच घ्या. मग दुसऱ्या कशाने नाही, फोनच्याच स्क्रीन रेकॉर्डिंगने एक सलग चित्रण करा: ग्रुपचं नाव, त्यावर टिचकी मारून सदस्ययादी, त्या माणसाचं नाव, त्याचा +91 सह पूर्ण नंबर, मग परत मागे येऊन लिंकचा मेसेज, तारीख आणि वेळ दिसेल असा. त्याला कुणी जोडलं ती राखाडी ओळही त्यात यायला हवी. तुटक स्क्रीनशॉटवर 'हा नंबर याच ग्रुपमधला कशावरून' असा प्रश्न येतो. सलग चित्रणाने तो बराचसा मिटतो. त्यानंतर 'एक्स्पोर्ट चॅट'. फोटो-व्हिडिओसह केलंत तर साधारण शेवटचे 10 हजार मेसेज येतात, त्याविना 40 हजार. तुमचा ग्रुप गजबजलेला आहे, तेव्हा दोन्ही प्रकारे काढा.

टेलिग्रामचं काम ज्यांनी पैसे भरले त्यांना करावं लागेल. चॅनेलची लिंक लिहून ठेवा, नुसतं नाव पुरत नाही. नाव आणि युजरनेम रोज बदलता येतं. खात्याचा आतला अंकी आयडी तोच राहतो. कॉम्प्युटरवरच्या टेलिग्राममधून संभाषण 'JSON' प्रकारात एक्स्पोर्ट केलं की तो आयडी फाइलमध्ये उतरतो. गावात कुणा मुलाला हे जमत असेल तर आजच करून घ्या. फसवं ॲप फोनमधून काढण्याआधी त्याचे सगळे पडदे टिपून ठेवा आणि ते कुठल्या लिंकवरून उतरवलं तेही. तोवर त्या फोनवरून बँकेचा कुठलाही व्यवहार करू नका. पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.

हे सगळं पेन ड्राइव्हमध्ये केबलने उतरवा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून एकमेकांना पाठवत बसलात तर चित्र दाबलं जातं आणि फाइलमधली मूळ माहिती उडते. मूळ फोन विकू नका, रीसेट करू नका, नवा घ्यायचा असेल तर जुना कपाटात ठेवा. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. त्याचा पहिला भाग फोन ज्याच्या ताब्यात आहे तो भरतो, दुसरा तज्ज्ञ भरतो, आणि फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा अंकी ठसा, त्यात नोंदवतात. ते तपास अधिकारी करून घेतील. तुम्ही फक्त मूळ वस्तू शाबूत ठेवायची.

ठाण्यात जाताना हद्दीचा घोळ टाळा. निफाड, पिंपळगाव, दिंडोरी, चांदवड, सिन्नर हा सगळा भाग नाशिक ग्रामीण पोलिसांकडे येतो. इंदिरानगर, सिडको, पंचवटी, नाशिक रोड हा शहर आयुक्तालयाकडे. दोघांची सायबर पोलीस ठाणी वेगळी आहेत. तुमच्या पाच जणांपैकी कुणी शहरात राहत असेल तर त्याने तिकडे जावं. पण चुकीच्या ठाण्यात गेलात म्हणून परत पाठवणं कायद्याला धरून नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. ऑनलाइन पाठवलेली माहितीही चालते, मात्र तीन दिवसांत जाऊन तिच्यावर सही करावी लागते. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते. नोंदवून घेतच नसतील तर तीच माहिती लेखी, पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. त्यानेही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या गुन्ह्यांचा तपास कलम 78 नुसार पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारीच करतो. त्यामुळे गावच्या चौकीतल्या हवालदारांनी 'हे आमच्याकडे नाही' म्हटलं तर वाद न घालता निरीक्षकांना भेटायचं.

1930 ची पोचपावती म्हणजे एफआयआर नव्हे, हेही पाचही जणांना सांगा. पोचपावतीने पैसे अडतात. अडलेले पैसे परत मिळवायला पुढे सहसा न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो आणि तिथे एफआयआर, बँकेचं स्टेटमेंट आणि रक्कम कुठल्या खात्यात अडली याचा पोलिसांचा अहवाल उपयोगी पडतो.

आता भाच्याकडे येऊ, कारण खरा पेच तिथे आहे असं पत्रावरून वाटतं. तुम्ही आणि ताई दोघं असं धरून चालला आहात की तुम्ही गप्प बसलात तर मुलगा वाचेल. पण खातं गोठलं आहे, म्हणजे कुणीतरी आधीच तक्रार केली आहे आणि त्या खात्याचा नंबर, त्यावरचं नाव, आधार, पत्ता हे सगळं परराज्यातल्या पोलिसांच्या कागदावर आलेलं आहे. तुमच्या गप्प बसण्याने त्यातलं काहीही मिटत नाही. त्या खात्याचा आणि तुमच्या ग्रुपवरच्या फसवणुकीचा संबंध आहे की नाही हेही तुम्हाला माहीत नाही. तुम्ही मनाने जोडलं आहे. तुमच्या तक्रारीत भाच्याचं नाव घालायची गरजच नाही. पैसे कुठल्या खात्यात गेले ते स्टेटमेंट सांगेल. त्यात त्याचं खातं निघालं तर निघेल, आणि नसेल तर पाच घरांचे पैसे तुम्ही एका नसलेल्या संबंधापायी बुडू दिलेत असं होईल.

मुलाला वाचवायचं तर गप्प बसण्याचा मार्ग सोडा, वेळेत पुढे होण्याचा धरा. त्याला समोर बसवा आणि न रागावता विचारा की नेमकं काय काय दिलं. अशा व्यवहारात बहुधा अख्खा संच घेतला जातो: पासबुक, चेकबुक, एटीएम कार्ड, नेट बँकिंगचा पासवर्ड आणि खात्याला जोडलेलं सिम. सिम दिलं असेल तर ते आजच बंद करून घ्या. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर त्याच्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते दिसतं. अनोळखी नंबर असतील तर तिथेच कळवा. बँकेला लेखी पत्र द्या आणि त्याची पोच घ्या. गोठवणुकीमागची तक्रार क्रमांकासह मागा, कुठल्या राज्याचं कुठलं ठाणं तेही. ज्याने संच नेला त्याच्याशी झालेलं बोलणं, कमिशन मिळाल्याची नोंद, भेटीची जागा हे सगळं जपायचं, एकही मेसेज पुसायचा नाही. मिळालेलं कमिशन बाजूला ठेवायचं. मग वकील. परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत मदतीसाठी अर्ज करता येतो. राष्ट्रीय हेल्पलाइन 15100 आहे.

पोलिसांकडून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 ची हजर राहण्याची नोटीस आली तर ती चुकवायची नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात नोटीस पाळणाऱ्याला सहसा अटक करायची नसते. न पाळणाऱ्याला करता येते. मी त्याला निर्दोष म्हणत नाही. खातं भाड्याने देणं चूक आहे आणि त्याला ते ठाऊक होतं की नाही हे तपासात ठरेल. पण वीस-बावीस वर्षांचा मुलगा, जो खात्याचा संच नेणाऱ्या माणसाचं नाव सांगतो, त्याची गोष्ट वेगळी ठरते. पळणाऱ्याची वेगळी. ताईंना हे शांतपणे सांगा. त्या आई आहेत, त्यांना भीती वाटणारच.

खाती गोठण्याचा फटका निर्दोषांनाही बसतो, म्हणून व्यापारी वाचकांसाठी थोडं. लासलगावला कांदा विकला, खरेदीदाराने पैसे अशाच एका खात्यातून पाठवले आणि विकणाऱ्याचं अख्खं खातं अडकलं, असं होऊ शकतं. अशा वेळी हिशोबपट्टी, वाहतुकीची पावती आणि खरेदीदाराशी झालेलं बोलणं जोडून संबंधित ठाण्याला आणि बँकेला अर्ज करावा की फक्त वादातली रक्कम अडवा, बाकी खातं मोकळं करा. ऐकलं नाही तर उच्च न्यायालयात दाद मागता येते.

तुमचा तिसरा प्रश्न, सरकार टेलिग्राम बंद का करत नाही. पाच घरं बुडालेली पाहिल्यावर हा राग येणारच, आणि तो अनाठायी नाही. सरकारकडे अधिकारही आहे: माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 69 ए. मे 2023 मध्ये जम्मू-काश्मीरमधल्या दहशतवाद्यांच्या वापराचं कारण देऊन 14 मेसेंजर ॲप्सवर बंदी आली होती. पण आर्थिक फसवणुकीची टोळी एका ॲपवर अवलंबून नसते. तुमच्याकडे ती व्हॉट्सॲपवरूनच आली, टेलिग्राम दुसरी पायरी होती. ते दार बंद झालं तर दुसऱ्या आठवड्यात लिंक तिसऱ्याच ॲपची असेल, आणि जुन्या चॅनेलच्या नोंदी मिळवायचा मार्ग मात्र पोलिसांना अवघड होईल.

दुसरं गृहीतक असं दिसतं की मेसेज कुलूपबंद असल्यामुळे पोलिसांचे हात बांधलेले आहेत. टेलिग्रामची चॅनेल्स आणि ग्रुप असे कुलूपबंद नसतातच. मेसेजपैकी दोन्ही टोकांचं एन्क्रिप्शन तिथे फक्त 'सीक्रेट चॅट'ला असतं. बाकी सगळे मेसेज कंपनीच्या सर्व्हरवर असतात. अडचण होती ती कंपनी दाद देत नाही ही. ऑगस्ट 2024 मध्ये संस्थापक पावेल दुरोव यांना फ्रान्समध्ये अटक झाली, आणि पुढच्याच महिन्यात कंपनीने धोरण बदलून कायदेशीर मागणी आल्यास नियम मोडणाऱ्यांचा फोन नंबर आणि आयपी पत्ता देण्याचं जाहीर केलं. ॲपवर बंदी न घालता कंपनीला जबाबदार धरल्याने काय हलतं, ते इथे दिसलं.

आपल्याकडे ती जबाबदारी 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत आहे. 50 लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या कंपनीला भारतात अनुपालन अधिकारी, पोलिसांशी चोवीस तास संपर्कासाठी अधिकारी आणि तक्रार निवारण अधिकारी नेमावे लागतात. कायदेशीर आदेश आल्यावर ठरावीक मुदतीत मजकूर हटवला नाही, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 79 चं संरक्षण जातं आणि दुसऱ्याच्या मजकुराची जबाबदारी कंपनीवर येऊ शकते. तुमच्या सदस्यांनी चॅनेलची तक्रार ॲपमधून करावी, शिवाय कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करावा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर 30 दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. हे सगळं पुरावा जपल्यानंतर आणि पोलिसांना कळवल्यानंतर.

याच नियमांत 'पहिला मेसेज कुणी पाठवला ते शोधून द्या' असंही कलम आहे. त्याची मुळं आपल्या शेजारी आहेत. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला 1 जुलै 2018 रोजी मुलं पळवण्याच्या अफवेवरून जमावाने पाच भिक्षुकांना ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली, आणि मूळ पाठवणाऱ्याचा माग देण्याची सरकारची मागणी तेव्हापासूनची. व्हॉट्सॲपने 2021 मध्ये या कलमाला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं. पण तुमच्या कामी ते कलम येणारच नाही, कारण ते देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, बलात्कार, लैंगिक मजकूर अशा गुन्ह्यांपुरतं आहे. पैशांची फसवणूक त्यात नाही. आणि माग काढून शेवटी हाती लागणार काय, तर भाड्याच्या सिमवरचा एक नंबर. माझं स्पष्ट मत आहे की सगळ्यांच्या संभाषणाचं कुलूप सैल करून या टोळ्या सापडणार नाहीत. त्या सापडतात खात्यांतून आणि सिममधून. म्हणूनच दूरसंचार विभागाने 28 नोव्हेंबर 2025 रोजी दिलेला आदेश मला जास्त कामाचा वाटतो: ज्या सिमवर मेसेजिंग ॲप नोंदलं ते सिम फोनमध्ये असल्याशिवाय ॲप चालू नये, आणि कॉम्प्युटरवरचं लॉगिन सहा तासांनी आपोआप निघावं. इथलं सिम एकदा वापरून परदेशातून महिनोन्‌महिने चालवलेल्या खात्यांना त्याने अडसर होऊ शकतो. सिम एका फोनमध्ये आणि व्हॉट्सॲप दुसऱ्यात ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांचीही त्यात गैरसोय आहे, ती मान्य करावी लागेल.

पीककर्ज घातलेल्या सदस्याला फोन करू नका, घरी जा. एकट्याने नको, तो ज्याचं ऐकतो असा कुणीतरी बरोबर घ्या. बायकोला सांगायचं ओझं त्याला एकट्याला पेलू देऊ नका. झोप उडाली असेल, 'आता काही उरलं नाही' अशी भाषा असेल तर त्याला एकटं सोडू नका आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर त्याच्यासमोरच फोन लावा. तिथे मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तक्रार दुसऱ्या दिवशी झाली तरी चालेल.

ग्रुप चालू ठेवा. पुरावा घेऊन झाला की लिंक टाकणाऱ्या माणसाला काढा आणि रिपोर्ट करा; रिपोर्ट केल्यावर त्याचे शेवटचे पाच मेसेज व्हॉट्सॲपला जातात. त्याला जोडणाऱ्या जुन्या सदस्याला सगळ्यांसमोर दोषी ठरवू नका, तोही फसलेला असू शकतो. मग ग्रुपच्या सेटिंगमध्ये सदस्य जोडण्याचा अधिकार फक्त ॲडमिनकडे ठेवा, नव्या सदस्यांना मंजुरी सुरू करा, आणि आमंत्रणाची लिंक रीसेट करा, कारण जुनी लिंक कुठे कुठे गेली असेल ते सांगता येत नाही. दोन विश्वासू माणसं आणखी ॲडमिन करा. द्राक्षाचे पैसे येतात ते तीन महिने ग्रुपवर फक्त ॲडमिनना लिहू द्यावं का, हे सदस्यांना विचारून ठरवा; माझ्या मते मंजुरी पुरेशी आहे, ग्रुपचा जीव बोलण्यातच आहे.

आणि हा मजकूर आज टाका, तुमच्या नावाने:

"आपल्या ग्रुपवर आलेल्या आयपीओच्या लिंकवरून काही सदस्यांची फसवणूक झाली आहे. लिंक मी पुढे बघायला सांगितली होती, ती माझी शिफारस मागे घेतो. ज्यांनी पैसे भरले त्यांनी लगेच 1930 वर तक्रार करावी, बँकेचा व्यवहार क्रमांक जवळ ठेवावा. मेसेज, ॲप, चॅनेल यातलं काही पुसू नये. पैसे काढण्यासाठी टॅक्स मागितला तर भरू नये. शेअर बाजाराचा सल्ला देणाऱ्याचा नोंदणी क्रमांक सेबी या बाजाराच्या नियामक संस्थेच्या वेबसाइटवर तपासावा. सेबीकडे नोंदलेल्या ब्रोकरच्या यूपीआय पत्त्यात 'ॲट व्हॅलिड' असतं आणि पैसे पाठवताना हिरव्या त्रिकोणात अंगठ्याची खूण दिसते. कुणाच्या चालू खात्यात पैसे मागितले तर तिथेच थांबावं. ज्यांना घरी सांगायची अडचण आहे त्यांनी मला खाजगीत फोन करावा, मी बरोबर येईन."

शेवटचं वाक्य तुम्ही पाळू शकणार असाल तरच ठेवा. फोन येतील, आणि पाचाहून जास्त येतील.